नकाशा घेऊन माळावर

तात्या, मागच्या रविवारी मी इंदापूरच्या माळावर एकटी हिंडले. रस्ता सोडून, काट्याकुट्यातून, आणि तेही कुणी पाठवलं म्हणून नाही, हौसेनं. तुम्ही ऐकलं असतंत तर चहाची बशी खाली ठेवून विचारलं असतंत, "का गं, डांबरी सडक वाहून गेली का?"

ह्या खेळाला ओरिएंटिअरिंग म्हणतात. नाव ऐकून मीही हसले होते. हातात नकाशा आणि होकायंत्र देतात, आणि माळावर ठिकठिकाणी टांगलेल्या नारिंगी-पांढऱ्या कापडाच्या खुणा क्रमानं शोधून परत यायचं. वाट कुणी आखून देत नाही, कुणाला विचारायचंही नाही. लोणी देवकरला ज्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळते, तिथल्या एका लेकुरवाळ्या तरुण पोरीनं माझं नाव घातलं. "मॅडम, नवशिक्यांसाठीच आहे, आपण जोडीनं जाऊ," म्हणाली. तुमचे जावई वारल्यापासून माझं जग घर आणि कारखाना एवढंच उरलं होतं. साधं बारामतीला दवाखान्यात जायचं तरी मुलगा पुण्याहून फोन करून गाडी ठरवून द्यायचा. तरी मी तिला हो म्हणाले, कशी कोण जाणे.

हो म्हटलं आणि रात्रभर अंथुर्ण्याची शाळा आठवत राहिली. मी पाचवीत असेन. तुम्ही दुधाचा टेम्पो घेऊन बारामतीला गेलेले. शाळा सुटल्यावर मी सडकेनं न येता माळ तुडवत निघाले, कारण लांबून आपल्या वस्तीची पाण्याची टाकी दिसत होती. मधे ओढा आहे, त्याला वळसा घालावा लागेल, हे काही टाकीवरून कळत नव्हतं. दिवस बुडता बुडता मी घरी पोचते, तर तुम्ही दारात उभे. आई चुलीपुढून उठत नाही. तुम्ही हात उचलत नाही, आवाजही चढवत नाही. "पोरीच्या जातीनं आडरानात शिरायचं न्हाय. वाट ठावं नसंल तितं मानसाला इचारायचं. ऐकलंस का?" मी व्हय म्हणते. मग तुम्ही कंदील जवळ ओढता, माझा पाय मांडीवर घेता आणि सुईनं एकेक काटा काढता. जो निघत नाही त्याच्यावर रुईचा चीक लावता. सगळे काटे निघाले तरी तुम्ही माझा पाय घट्ट धरून ठेवलात. मला वाटलं, रागानं. ती भीती होती, हे मला माझा मुलगा एकदा बाजारात नजरेआड झाला तेव्हा कळलं.

त्या दिवसापासून मी विचारत आले. आधी तुम्हाला, मग भावाला, मग ह्यांना, शेवटी पोटच्या पोराला.

रविवारी सकाळी जोडीदारीण आलीच नाही, तिच्या बाळाला ताप. मी परत फिरणार तोच माझं नाव पुकारलं. खेळ शिकवणाऱ्या बाईंनी माझ्या गळ्यात एक शिट्टी अडकवली. "फारच अडचण आली तर वाजवा. आणि मॅडम, तुम्ही वळलात की नकाशाही वळवा." पहिली खूण एका लिंबाखाली सापडली आणि मला शिंगं फुटली. दुसऱ्या खुणेकडं जाताना मी वळले, नकाशा तसाच राहिला. मग चहूकडं सारखंच वाळलं गवत, सारख्याच बाभळी. एक चिंकारा मान वळवून माझ्याकडं बघत राहिला आणि दोन उड्यांत दिसेनासा झाला. त्याला ठाऊक होतं कुठं जायचं ते. मी धोंड्यावर बसले. शिट्टी ओठांपर्यंत नेली होती, तेवढ्यात बाभळीमागून शेरडं आली आणि त्यांच्या मागून एक बाई.

"काय हरावलं का बाय?"

"मीच हरवलेय," मी म्हणाले.

ती खळखळून हसली. "त्या फडक्यापायी आलाय व्हय? सकाळधरनं मानसं पळत्यात नुसती. उठा, दावते. हितंच हाय."

तात्या, माझे पाय उठलेसुद्धा, इतकी ती सवय. पण तोंडातून निघालं, "नको मावशी. माझं मला हुडकू द्या."

तिनं मला खालीवर न्याहाळलं. "बरं, हुडका. न्हायच घावलं तर हाळी द्या, मी हाय." आणि मला अवघडायला नको म्हणून शेरडांकडं तोंड करून बसली.

मी नकाशा जमिनीवर पसरला. होकायंत्राची सुई बघत तो हळूहळू फिरवला. कागदावरची ओघळ फिरत फिरत खऱ्या ओघळीच्या रांगेला आली, आणि एकाएकी तो सगळा माळ ओळखीचा वाटायला लागला. ओघळीच्या कडेकडेनं गेले. बोरीच्या जाळीमागं खूण लटकत होती.

"सापडलं!" मी ओरडले. ह्या वयात, एकटी, माळावर.

"घावलं व्हय?" लांबून आवाज आला.

पुढच्या खुणा मिळाल्या, एक तर दोनदा हुकून. मी सगळ्यांत शेवटी पोचले. सामान बांधून झालं होतं, चहा संपला होता. शिकवणाऱ्या बाईंनी आपल्या थर्मासातला कपभर मला दिला आणि माझा नकाशा बघून म्हणाल्या, "इथं चुकलात, आणि इथं तुमच्या तुम्हीच सावरलात. पुढं येणार ना?" गुडघा ठणकत होता. मी हो म्हणाले, आणि ह्या वेळी कशी म्हणाले ते मला ठाऊक होतं.

पुढची फेरी लोणी भापकरच्या बाजूला आहे. मुलाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "गाडी सांगू का?" म्हटलं, नको, मी जाईन.

तुमची भीती खोटी होती असं मी म्हणत नाही, तात्या. पण ती मी तुमच्यापेक्षा जास्त वर्षं सांभाळली, आता पुरे. हा कागद तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच एवढं धडाधड लिहून गेले. खरं सांगते, तुम्ही असता तर हे सांगायची माझी हिंमत झाली नसती. कारखान्याची सहल आहे म्हणून सांगितलं असतं.