चारशे बारा गुंडे

५ जानेवारी, रविवार

आजपासून नोंद ठेवायची. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं कालव्याच्या पाण्याची नोंद ठेवली, एक दिवस चुकला नाही. ज्वारीची ठेवायला काय हरकत आहे.

परिस्थिती: सत्यशीला जाऊन एकोणसाठ दिवस. विहिरीमागच्या तुकड्यात तिने ऑक्टोबरमध्ये स्वतः पेरलेली ज्वारी दुधात आली. बी तिच्या माहेरचं. तीस वर्षं तिनेच राखलेलं. दुकानात मिळत नाही, गावात दुसऱ्या कोणाकडे नाही. बियाण्याचं मडकं रिकामं आहे, होतं ते सगळं पेरलं. या वर्षी बी निघालं तर निघालं.

दवाखान्यात म्हणाली होती, दाणा दुधात आला की शेतातल्या माळ्यावर जा. नुसते बसून राहू नका, वरडा.

ताप होता तिला. ओरडणं आपल्याला जमत नाही, आणि गरजही नाही. तिची गोफण आहे. कॉलेजात एनसीसीत होतो, परभणीला रायफल फायरिंग केलेलं आहे. नेम माणूस विसरत नाही.

संकल्प: पंधरा दिवसांत शेतात एकही पाखरू उतरणार नाही.

८ जानेवारी

गोफणीत घालायचे गुंडे केले. बांधावरची काळी माती, पाणी, तळहातावर गोल. साठ झाले. साइज एकसारखी. उन्हात ठेवले.

शेजारची पंचफुलाबाई बघून गेली. शिवहारची बायको, मेंढरं आहेत त्यांची. सत्यशीलाची जुनी मैत्रीण. म्हणाली, भाऊजी, लाडू बरे वळता की तुमी. मी मान हलवली आणि पुढचा वळला.

११ जानेवारी, दुपार

साठपैकी बावन्न तडकले. उरलेले फेकताना गोफणीतच फुटले. डोळ्यात माती.

चूक समजली. काळी माती वाळली की आकसते. याच मातीने आमच्या कालव्याचं अस्तर फुटायचं, मीच रिपोर्ट लिहायचो. माहीत असायला हवं होतं. पण ही पहिली ट्रायल. ट्रायलमध्ये चुका व्हायलाच पाहिजेत.

दरम्यान भोरड्या आल्या. दीडदोनशेचा थवा, एकदम उतरतात, एकदम उडतात. नुकसान अंदाजे पाच टक्के. मर्यादेत आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

प्रतिक्षाचा फोन, नांदेडहून. बाबा, इकडे या, एकटे काय करता. सांगितलं, ज्वारी राखायची आहे. मग म्हणाली, आईचं बी तेवढं जाऊ देऊ नका, मला बाकी काही नको.

शब्द दिला.

पंचफुलाबाई तिळगूळ घेऊन आली. घ्या, गोड बोला म्हणाली. मी मान हलवली. ती म्हणाली, भाऊजी, कडू बोला पण बोला.

१८ जानेवारी

सुधारित गुंडे. पांढरी माती, राख, बारीक भुसा, आणि चुलीत भाजून. दगडासारखे झाले. शंभर.

आधी टार्गेट प्रॅक्टिस, मग पाखरं. शिस्त पाहिजे. लिंबाला तेलाचा रिकामा डबा टांगला. टेपने मोजून तीस मीटर.

चाळीस गुंडे मारले. डब्याला शून्य. वारा होता.

एकेचाळिसावा मागच्या बाजूला गेला आणि शिवहारच्या एडक्याला लागला. एडका अंगावर आला. माळ्यावर चढलो. माळा चार बल्ल्यांचाच आहे, पण एडका चढू शकत नाही. पाऊण तास वर होतो. त्या वेळेत निरीक्षण केलं.

पंचफुलाबाई एडक्याला न्यायला आली. म्हणाली, भाऊजी, त्यो ज्वारी खाईना, काई करीना, त्याला काहून मारून राहिले? वर म्हणाली, येवढा येळ वर होते तर हाक तरी मारायची, आमी इथंच होतो.

हाक मारायचं सुचलं नाही.

नुकसान पंधरा टक्के. यात उंदरांचाही वाटा असणार.

२३ जानेवारी

शेतात कोणीतरी आगाऊपणा केला आहे. मधल्या ओळींतल्या कणसांना फडकी बांधली आहेत. हिरवं कापड, दोऱ्याने गुंडाळलेलं. माळ्यावरून लाइन क्लिअर दिसत नाही, पाखरू आहे की कापड ते कळत नाही. राखण करणारा एकच पाहिजे, नाहीतर जबाबदारी कोणाची?

सगळी सोडली. एकोणीस.

कापड ओळखीचं वाटलं. नीट पाहिलं नाही. तिच्या साड्या तेराव्यानंतर मीच पंचफुलाबाईला दिल्या होत्या.

२६ जानेवारी

शाळेत झेंडावंदन. सोमेश्वर गुरुजी भेटले. म्हणाले, व्यंकटराव, कसं चाललंय? म्हणालो, प्रोग्रेस आहे.

आज गुंडा डब्याला लागला. टणकन वाजलं. त्या वेळी नेम विहिरीजवळच्या थव्यावर होता. पण लागला तो लागला. नोंदीत धरला.

३० जानेवारी

वीसबावीस दिवसांच्या चुकांचा आढावा घेतला.

एक, माती. सुधारली.
दोन, वजन. सुधारलं.
तीन, मनगट आधी सुटतं. सुधारणा चालू.

चार. एनसीसीबद्दल. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. परभणीला पाच गोळ्या मारल्या, माझ्या कागदावर एकही भोक नव्हतं. शेजारच्या नरसिंगच्या कागदावर दहा होती. उस्तादांनी त्याला शाबासकी दिली. मी काही बोललो नाही. म्हणजे ग्रुपिंग माझं बराबर होतं, फक्त कागद दुसऱ्याचा होता.

सत्यशीलाला हे एकदा सांगितलं होतं. पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, मंग तिथंच सांगायचं न्हाई का, माझ्या हाईत म्हणून?

४ फेब्रुवारी

गुंड्यांची तिसरी खेप. आत बारीक खडा घातला. लांब जातात. आजपर्यंत एकूण चारशे बारा. पाखरांना लागलेले: शून्य. पाण्याच्या टाकीला: दोन, टाकी गळते आहे.

भोरड्यांना आता माझी सवय झाली. गुंडा एका बाजूला पडला की दुसऱ्या बाजूला सरकून बसतात. उडतही नाहीत. नुकसान लिहायचं थांबवलं. माळ्यावरून अंदाज बरोबर येत नाही.

९ फेब्रुवारी, सकाळ

अंदाज बरोबर येण्यासाठी खाली उतरून ओळीने फिरलो.

कणसं उभी आहेत. दाणा नाही. नुसत्या रिकाम्या काड्या, झाडूसारख्या. विहिरीपासून बांधापर्यंत.

दोनदा फिरलो.

९ फेब्रुवारी, दुपार

पुढच्या वेळी शांतपणे विचार करता यावा म्हणून माळ्याखालची जागा साफ केली. कोपऱ्यात पालथं घमेलं होतं. खाली सत्यशीलाचे गुंडे. पन्नासेक. वर कोळ्याचं जाळं.

पंचफुलाबाईला विचारलं, हे यंदाचे का? ती म्हणाली, यंदाचे कुठले, धा-बारा वर्सांचे हाईत. सत्तीनं एक मारला नसंल. रिकामी गोफण गरगर फिरवायची, शेवटाला असा फटका द्यायची की बंदूक उडल्यावानी वाजायचं. अन् वरडायची. पाखरू मार खाऊन जात न्हाई भाऊजी, आवाजानं जातं. तिचा आवाज तिकडं कालव्यावर ऐकू यायचा. तुमी कालव्यावरच होते की.

होतो. ऐकलेला आहे. त्या वेळी वाटायचं, काय बाई ओरडते, ऑफिसची माणसं काय म्हणतील.

विचारलं, मग सांगितलं का नाही? ती म्हणाली, सांगून राहिले होते. तुमी मान हलवायचे.

फडक्यांबद्दल काही बोलली नाही. मीही नाही.

१५ फेब्रुवारी

घरीच.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कडबा तरी निघेल म्हणून कापायला लावलं. माणसं यायच्या आधी माळ्यावर चढलो. गुंडा न घालता गोफण फिरवली आणि झटका दिला. पहिल्या खेपेला वाजली. गुंड्याशिवाय हात हलका पडतो.

मग ओरडलो. ती ओरडायची तसं, हाऽऽ हो. पहिला आवाज घशातच राहिला. दुसरा निघाला. तिसरा कसा निघाला ते माहीत नाही, आणि तो लवकर थांबेना. तिला नेलं त्या दिवशी लोक म्हणत होते, व्यंकटरावच्या डोळ्याला पाणी नाही. आज ते कोणी नव्हते.

बांधापलीकडून पंचफुलाबाई धावत आली. साप निघाला वाटलं तिला. खाली उभी राहिली. मग म्हणाली, आता काहून वरडून राहिले, पाखरं तर गेली. माझ्याकडे न बघता ज्वारीत शिरली.

बऱ्याच वेळाने बाहेर आली. हातात तीन कणसं, हिरवं फडकं बांधलेली. म्हणाली, बावीस बांधली होती. ही बांधाकडची तुमाला दिसली न्हाईत.

म्हणजे माझ्या तपासणीत तीन सुटली. बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या तपासणीतून काही सुटलं नव्हतं.

फडकी सोडून नीट पाहिली. सत्यशीलाची दिवाळीची साडी. दाणे हाताने काढले. चहाचा एक कप भरला, काठोकाठ नाही. राख लावून मडक्यात ठेवले, तोंडाला तेच फडकं बांधलं.

प्रतिक्षाला फोन केला. सांगितलं, आईचं बी राखलं. ती म्हणाली, बाबा, तुमचा आवाज काहून असा येतोय?

म्हणालो, वारा आहे.

किती राखलं ते तिने विचारलं नाही. कोणी राखलं तेही नाही. मीही सांगितलं नाही.