पडद्यापुढची सीट

२३ एप्रिल १९८९, रविवार. कोन गाव.

सुलीची परीक्षा संपली, म्हणून आज जरा जास्त लिहून घेते. नात माझी, पण लिहायला कंजूस. माझ्या मैत्रिणीचं, हमीदाचं, नुसतं ‘ह.’ लिहिते. म्हटलं, एवढी धिप्पाड बाई एका अक्षरात बसवलीस? म्हणे, "आजी, हात दुखतो." बरं. ह. तर ह.

भिवंडीला ह.कडे जाऊन आले. तिचे रोजे चालू, तरी मला सरबत दिलंच. ओतलं ते पेल्याच्या बाहेर. निम्मं माझ्या मांडीवर. "मुद्दाम केलंस," मी म्हटलं. ती हसली. तिची सून शाहीन हसली नाही. जिन्यात मला थांबवून म्हणाली, खाला, आता तुम्हीच समजवा.

ह.चा डावा डोळा शिबिरात गेला. ऑपरेशन झालं, आत पू झाला, संपलं. आता उजव्यात मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर म्हणतो, लांबवलं तर आतच फुटेल, मग माझ्या हातात काही नाही. ह. म्हणते, रोजे होऊ देत.

२६ एप्रिल

लाइट गेली. सगळे ओट्यावर. मुलाची, बाळारामची अँबेसिडर शेवटची फेरी करून आली. भाड्याची गाडी, दिवसभर कल्याण-भिवंडी. उभी राहिल्यावर इंजिन गार होताना टिक टिक वाजतं, तो आवाज मला आवडतो. माणूस धाप टाकतो तसा.

गावची पोरं टेप लावून गाड्या खाडीवर नेतात हल्ली. रोज रात्री जायचं आणि यायचं, काम काही नाही. सून शिव्या घालते. मी नाही घालत. मी त्यातलीच.

माझं लग्न व्हायच्या आधीचे उन्हाळे. बा ह.च्या घरी दूध घालायचा, मी किटली धरून मागं. ह.च्या बापाचे लूम, आणि काळी गाडी. मे महिन्यात माडी तापायची, खाली लूम खडखडत. रात्रीची नमाज झाली की त्यांचा ड्रायव्हर काशिमचाचा गाडी काढायचा, बायांना हवा खायला न्यायला. मागच्या खिडक्यांना पडदे, ड्रायव्हरच्या पाठीमागं आणखी एक. आत ह., तिची आई, दोन फुफ्या, म्हणजे आत्या. गाव संपेपर्यंत हवा खायची, बघायचं नाही.

मी आगरी घरची पोर, मला कसला पडदा. मी पुढच्या सीटवर, चाचाशेजारी. माझं काम सांगायचं. तलाव गेला. नाका आला. पोलीस झोपलाय. मिठाईवाला कढई घासतोय. आतून फुफी विचारणार, कुणाची कढई, केवढी? मग मी रंगवायची. वरात चाललीय, नवऱ्याचा घोडा लंगडा. वडावर वाघ बसलाय. वाघ म्हटलं की फुफी दुवा पुटपुटायची. ह. पडद्याच्या फटीतून मला चिमटा काढायची, कारण तिला कळायचं. चाचानं कधी खोडून काढलं नाही. तो रस्ता बघायचा, मी जग बघायची.

गाव संपलं की चाचा खाकरायचा. पडदे वर. ह.ची हनुवटी माझ्या खांद्यावर, केस माझ्या तोंडात. "चाचा, और तेज!" फुफ्यासुद्धा ओरडायच्या. कोनच्या खाडीवर गाडी उभी करून दारं उघडी टाकायची, ताडगोळे खायचे. खाली कुणी उतरत नसे. आणि परत. गाव आलं की पडदे.

सुली म्हणते, बस एवढंच? एवढंच.

२७ एप्रिल

सुलीनं विचारलं, लग्नानंतर गं?

ज्या गावापर्यंत हवा खायला यायचो त्याच गावात मला दिली. त्या उन्हाळ्यात एका रात्री सासूचे पाय चेपत होते, खाडीकडून हॉर्न आला. काशिमचाचाचाच, लांब, शेवटी चिरकणारा. पुन्हा आला. मी पाय चेपत राहिले. सासू म्हणाली, "हात का थांबला गो?" थांबला नव्हता.

पुढं कधीतरी ह.ला विचारलं, मी गेल्यावर कोण सांगायचं रस्ता? म्हणाली, "कोनी न्हाय. अंधारातच जायचो."

४ मे

ह.कडे. आता म्हणते, ईद होऊ दे. ईदनंतर काय? "उन्हाळ्यात जखम चिघळते गो. थंडीत करू." तोवर डोळा थांबेल का? "अल्ला मालिक."

भीती आहे, ती बोलत नाही. शिबिरातल्या डोळ्याची पट्टी काढताना मी तिथं होते. ह.नं विचारलं होतं, "सोडली का पट्टी?"

सोडली होती.

९ मे

ईद झाली. शीरखुर्मा खाऊन आले. ह. चमचा वाटीत घालायच्या आधी बोटानं वाटीची कड शोधते. कुणी बघत नाही असं तिला वाटतं.

निघताना म्हणाली, "बालारामची गाडी हाय ना? एकदा खाडीवर ने मना, आपन जायचो तसं. मंग बघू डॉक्टरचं." शाहीन मागून मान हलवत होती, हो म्हणा, हो म्हणा. मी म्हटलं, पेट्रोल तुझं. म्हणाली, "भिकारडी."

१२ मे

सुली म्हणते उद्या लिहू. नको, आजच.

दिवस मावळला, मगरिबची नमाज झाली, मग निघालो. पुढं बाळाराम आणि सुली, मागं आम्ही दोघी. ह.नं काच पूर्ण खाली करायला लावली, नकाब वर टाकला. गाडी हलली तशी माझ्या हातावर थाप मारली. "सांग."

मी सुरू केलं. जुनंच. तलाव गेला. शिंदीची झाडं आली. गवताच्या गाड्या चालल्यात, गाडीवान झोपलेत, बैलांना रस्ता पाठ. ह. डोळे मिटून ऐकत होती, हसत होती. मग म्हणाली, "शिंदी कवाच तोडल्या. नाकात डिझेल चाललाय आनि हिला बैल दिसतात! आता खरं सांग, पारू. काय हाय भायेर?"

बाहेर लूमचे कारखाने. दारात विड्या ओढणारी रातपाळीची पोरं, अंगाला सुताची पांढरी लव. ट्रकांची रांग. अर्ध्या इमारतीत एकच बल्ब, त्याखाली एक बाई भाकऱ्या थापत होती. सगळं ओठावर आलं होतं. सांगितलं असतं तर खूश झाली असती. मग म्हणाली असती, तू हायस तवर मना डोळा कशाला?

मी म्हटलं, "न्हाय सांगत."

"म्हंजे?"

"डोळा करून घे आनि बघ. जन्मभर सांगत बसू काय तुला?"

बाळारामनं आरशातून माझ्याकडे बघितलं. सुली मागं वळली, मी तिला डोळ्यानंच पुढं बघायला लावलं.

खाडी आली. तिथं वारा होता. पलीकडं पोरांची टेप चालू. ह. तोंड खिडकीबाहेर करून बसली. तिला काय दिसत होतं कुणास ठाऊक, दिव्यांचे नुसते डाग असतील. मी जीभ दाताखाली धरून. एकदा वाटलं, आता विचारेल. विचारलं नाही. "बालाराम, घरी घे."

दारात शाहीनचा हात धरून उतरली. माझ्याकडे, म्हणजे माझ्या जरा डावीकडे, बघून म्हणाली, "तू पयल्यापासून पडद्याच्या भायेरची. तुना काय कलनार आतलं."

१३ मे

काही नाही.

१४ मे

तिचं वाक्य जात नाही. त्या उन्हाळ्यांत मी एकदाही विचारलं नाही, आत कसं वाटतं. मला वाटायचं, मी त्यांना फिरवते.

पण मी परवा बोलले असते तर तिनं डोळा घालवला असता. का मी गप्प बसून घालवणार आहे, हे कोण सांगेल? सुली सांगत नाही. ती नुसती लिहिते.

१७ मे

सुलीबरोबर ह.ला डब्यातून कैरीचं लोणचं पाठवलं. डबा परत आला. घासलेला, पुसलेला, रिकामा.

इतक्या वर्षांत आमच्यात डबा रिकामा गेला नाही. काही नसलं तर साखरेची चिमूट असायची. सुली म्हणते, विसरल्या असतील. ह. विसरत नाही. पुसून पाठवलाय म्हणजे हातानं चाचपून बघितलाय, काही राहिलं तर नाही ना.

लोणचं मात्र ठेवून घेतलं.

२१ मे

शाहीन आली. डोळ्यात दाब वाढलाय, ठणकतो. आता एक एक दिवस मोलाचा, डॉक्टर म्हणाला. अम्मी भिंतीकडे तोंड करून पडून असतात. जाताना म्हणाली, "खाला, रस्ता सांगून टाकायचा होता. तेवढीच खूश झाल्या असत्या."

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

रात्री बाळारामला म्हटलं, उद्या मला ने तिच्याकडे. सांगते सगळं, ट्रक, कारखाने, ती भाकऱ्यावाली, काय मागेल ते. तो म्हणाला, "आये, दोन दिस गप बस." माझा मुलगा, माझ्यावर गेला नाही, कमी बोलतो. ऐकलं त्याचं.

२४ मे

पहाटेच ह.नं बाळारामला गाडी घेऊन बोलावलं. ठाण्याला, डोळ्यांच्या दवाखान्यात. भाडं आधी हातावर ठेवलं. "दोस्ती तुज्या आयेची. तू डायवर हायस."

काल्हेरवरून गेले. वाटभर विचारत होती म्हणे. हा कसला आवाज? "ट्रक, खाला." नि हे अंधारलं ते? "गोदाम, खाला." आता काय आलं? "दुसरं गोदाम, खाला." मग म्हणाली, "तुजी आये बरी होती रे. निदान वाघ तरी दाखवायची."

मी पदर तोंडाला लावला. सुली विचारते, हसलीस की रडलीस, काय लिहू? म्हटलं, पदर लावला एवढंच लिही.

२५ मे

ऑपरेशन झालं. डॉक्टर काय म्हणाला? बाळाराम म्हणतो, ‘बघू’ म्हणाला. शिबिरातला पण ‘बघू’च म्हणाला होता. यांना शाळेत हा एकच शब्द शिकवतात की काय.

२८ मे, रविवार

उद्या पट्टी सोडणार. ठणका कमी आहे, एवढंच शाहीन सांगते. कमी का आहे, ते डॉक्टर सांगत नाही.

ह.नं बाळारामबरोबर निरोप पाठवला. ऑपरेशननंतरचा पहिलाच. "पट्टी सुटल्याबिगर तुज्या आयेनं तोंड दाखवायचं न्हाय." सून म्हणते, अजून राग आहे. बाळाराम म्हणतो, खाला चेष्टा करते. आवाज कसा होता रे, विचारलं. म्हणाला, आवाजासारखा. ड्रायव्हरच तो.

सुटल्यावर दिसलं नाही तर काय करायचं, ते निरोपात नव्हतं.

मी उद्या जाणार. गाडीत बाळारामशेजारी बसेन. खोलीत जाणार नाही, दारात उभी राहीन. बांगड्या काढून ठेवल्यात, वाजतात. खोकला दाबीन. शाहीनलाही सांगितलंय, पारूखाला आली म्हणायचं नाही. ह.नं तोंड दाराकडे केलं आणि माझ्या डावीकडे नाही, मलाच बघितलं, म्हणजे झालं. मग शिव्या घातल्या तरी चालतील.

सुली लिहायची थांबली. म्हणते, "आणि नाही दिसलीस तर, आजी?"

मग बोलावं लागेल. दारातूनच सुरू करीन. खोलीत किती खाटा, खिडकी कुठं, डॉक्टर केवढासा, बाहेर ट्रक किती. मरेपर्यंत बोलावं लागेल मग.