दादाच्या बोटीचा रंग काढताना

तीर्थरूप दादा,

लांबूनच साष्टांग नमस्कार. (लांबूनच का, ते पुढे कळेल.) तुझा गुडघा कसा आहे? लेकीकडे रोज दोन जिने चढावे लागतात, असं वहिनी फोनवर म्हणाल्या. जपून चढ. रक्तदाबाची गोळी घेतोस ना? आजची राहिली असेल तर आधी ती घे आणि मगच पुढे वाच. इकडे आम्ही खुशाल आहोत. तुझ्या घरची झाडंही खुशाल आहेत, मी एक दिवसाआड जाऊन पाणी घालतो. तुझी बोटही एका अर्थाने खुशाल आहे.

त्याचं असं झालं, की मागच्या आठवड्यात पाणी घालून झाल्यावर मी तुझ्या काचेच्या कपाटापुढे जरा टेकलो. आत तुझी ती निळी आगबोट आणि शेजारी शाळेच्या प्रदर्शनातला पहिल्या नंबरचा कप. बेचाळीस वर्षांत रंगाला भेगा पडल्यात, धुराड्याचे पोपडे निघालेत. म्हटलं, दादा यायच्या आत जुना रंग काढून नवा द्यावा, खूश होईल. कपाटाची किल्ली तू कुणालाही देत नाहीस, हे मला ठाऊक आहे. ती साखरेच्या डब्यामागे असते, हेही ठाऊक आहे.

रंग काढायचं औषध दुकानात मिळतं, पण घरात इतक्या बाटल्या असताना ते कशाला आणायचं? आधी हिची नेलपॉलिश काढायची बाटली घेतली. नखावरचा रंग निघतो तर बोटीवरचा का निघू नये, असा माझा साधा विचार. खबरदारी म्हणून बोटीच्या कडेला टांगलेल्या एका छोट्या होडीवर चार थेंब टाकले. रंग निघाला. त्यामागोमाग होडीही निघाली, प्लॅस्टिक विरघळून तिचा गोळा झाला. तेव्हा आता सहाऐवजी पाच होड्या आहेत (बुडायची वेळ आलीच तर तेवढ्या पुरतील). मग दिवसभर व्हिनेगर लावून पाहिलं. बोटीला वास लागला, रंग जागचा हलला नाही. शेवटी फरशी पुसायचं जंतुनाशक हिच्या मोठ्या डब्यात पाणी न घालता ओतलं, बोट बुडवली आणि दोन दिवस झाकण लावून ठेवलं. रंग सायीसारखा सुटला. मग मोरीत बसून एका जुन्या टूथब्रशने घासायला घेतलं. (ब्रश जुना होता, हे माझं मत. ज्यांचा तो ब्रश, त्यांचं मत वेगळं आहे.) तेवढ्यात हिने डब्यातलं उरलेलं बादलीत ओतून दोन खोल्या पुसून काढल्या. दोन्ही खोल्यांच्या फरशीवर निळे ढग उठलेत. तेव्हापासून ही माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे घासायला निवांत वेळ मिळाला.

आता गोळी खरंच घे. निळ्याखाली लाल निघाला.

तुला आठवत असेलच. वडिलांनी सुटे भाग जोडून बनवायच्या दोन सारख्या बोटी आणल्या होत्या. तू जोडलेली निळी, मी जोडलेली लाल. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी लाल बोट टेबलाखाली दोन तुकडे होऊन पडलेली सापडली आणि तू म्हणालास, मांजरीने पाडली. आईने महिनाभर मांजरीचं दूध बंद केलं, ती बिचारी निरपराध गेली. म्हणजे दादा, फुटली ती तुझी होती. तिला तू लाल फासलंस, माझ्या बोटीला निळं, आणि कप घेऊन आलास. परीक्षकांनी ज्या नाजूक कठड्याचं कौतुक केलं, तो मी नवव्या वर्षी चिकटवला होता. धुराड्याच्या पायाशी लाल रंगात एक चिमुकला अंगठा उठलाय. रंग ओला असताना हात लावू नकोस, असं तू शंभरदा बजावलं होतंस. मी लावला होता. तिथेच त्यावर माझा आत्ताचा अंगठा ठेवून पाहिला आणि बराच वेळ मोरीतच बसून राहिलो.

दोन दिवस मला तुझा भयंकर राग आला. तुझ्या झाडांना पाणीही घातलं नाही (तुळतुळीत पानांचं ते एक झाड आता जरा कमी खुशाल आहे). मग आठवलं, कप मिळाला त्या संध्याकाळी तू मला तुझी सगळी रंगांची पेटी देऊन टाकली होतीस. असा भाऊ कुणाला मिळत नाही, असं मी गल्लीभर सांगत सुटलो होतो. तू मात्र घरी येताना एक शब्द बोलला नव्हतास. मला वाटलं, पहिला नंबर डोक्यात गेलाय. तेरा वर्षांचा पोर होतास तू. बेचाळीस वर्षं हे कुलपात सांभाळलंस, म्हणजे माझ्यापेक्षा तुलाच जास्त भोगावं लागलं. मला खरंच वाईट वाटलं. तेव्हा माझ्या मनात आता काही नाही, तूही काही ठेवू नकोस.

वहिनींना नमस्कार. हे पत्र त्यांच्यासमोर मोठ्याने वाचू नकोस.

तुझा धाकटा

ता. क. बोटीला पुन्हा निळाच रंग देतो, कुणाला कळणार नाही. नेमका कोणता निळा होता, तेवढं कळव.

ता. क. दुसरा. कळवू नकोस. आत्ताच दुकानात जाऊन आलो, लाल घेतला.

ता. क. तिसरा. कप आमच्या फ्रिजवर छान दिसतो. त्यावर कोरलेलं तुझं नाव मात्र व्हिनेगरने निघत नाही, जंतुनाशकाने नाही, हिच्या बाटलीनेही नाही. कशाने निघतं ते माहीत असेल तर उलटटपाली लिही.