साक्रीच्या नियमित पार्टनरास

अमळनेर, रविवार

ती. रुपचंदनाना यांना अमृतचा नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींची साखर आटोक्यात असेल अशी आशा करतो. पत्र मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर टाकलं आहे, कारण घरी तुमची बहीण आहे. (आहे ना? गुरुवारी ती एकटीच साक्रीच्या एसटीत बसली.) फोन करत नाही. हल्ली फोनवरचं कोण ऐकतं ते सांगता येत नाही, आणि तुमच्याकडे तर तो वहिनीच उचलतात.

गेल्या आखाजीला मी सणाच्या नावाखाली तीन दिवस पत्ते कुटले आणि चौथ्या दिवशी प्रमिलाने मला देवासमोर उभं करून पुन्हा पत्त्यांना हात लावणार नाही अशी शपथ घ्यायला लावली, हे तुम्ही जाणताच. तेव्हापासून दर रविवारी मी योगवर्गाला जातो, हेही जाणता, कारण महिन्यातून एकदा दुकानाच्या खरेदीला म्हणून तुम्हीही त्याच योगवर्गाला येता.

तर मंगळवारी प्रमिला बाजारात गेलेली असताना दारात आतिफ नावाचे एक गृहस्थ उभे. गळ्यात ओळखपत्र, हातात फायली. म्हणाले, आरोग्याचं संशोधन आहे, चिठ्ठी काढली त्यात तुमचं घर आलं. (अख्ख्या अमळनेरात चिठ्ठी नेमकी माझ्याच घराची निघते, यावर माझा विश्वास नाही. मला लगेच झुलालचा संशय आला. पानं चोरतो म्हणून मागच्याच महिन्यात त्याला आम्ही डावातून काढलं.) वर म्हणाले, माहिती गुप्त राहील. आरोग्यवाल्यांना गुप्त कशाला लागतं? दीपनगरच्या वीजकेंद्रात तीस वर्षं मी फाटकावर पहारा केला आहे. गोड बोलणारा माणूस मी आधी बाजूला उभा करतो. ते पहिलं पान वाचून दाखवायला लागले तेव्हा म्हटलं, वाचू नका, मुद्द्यावर या.

मग त्यांनी विचारलं, गेल्या वर्षभरात पार्टनर किती झाले. मी मनात म्हटलं, आलास मुद्द्यावर. म्हणजे पोलिसांकडून पत्त्यांची चौकशी. लपवलं तर संशय वाढतो, म्हणून खरं तेच सांगायचं, फक्त पत्ते हा शब्द काढायचा नाही, असं मी ठरवलं. पार्टनर सात. त्यांत नियमित एक, साक्रीचा, बाकीचे मिळतील तसे. सगळे पुरुषच. बायकांना यातलं कळत नाही, असंही सांगितलं. पैसे देऊन किंवा घेऊन? कधीच नाही, निव्वळ हौसेखातर, फार तर चहा. दर वेळी दोघंच असता का? छे, चौघं लागतातच. इथे त्यांनी पेन थांबवून माझं वय पुन्हा विचारलं. चौसष्ट. काही संरक्षण वापरता का? आतून कडी लावतो. त्यांनी ते सगळं निमूट लिहून घेतलं आणि जाताना सात चिठ्ठ्या दिल्या, प्रत्येक पार्टनरसाठी एक. चष्मा दुरुस्तीला होता. मला ती समन्स वाटली. खिशात ठेवली.

गुरुवारी दाढी करून आलो, तर साती चिठ्ठ्या टेबलावर ओळीने मांडलेल्या आणि प्रमिला पिशवी भरून तयार. एवढंच म्हणाली, "आते तुमनं तुम्हीच देखा." आणि गेली. मी दुकानातून चष्मा आणून चिठ्ठी वाचली. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांचा अभ्यास. पार्टनरनेही मोफत तपासणीला यावं. 

काल धुळ्याला जाऊन रक्त देऊन आलो. काहीही निघालं नाही. तिथल्या बाई म्हणाल्या, निघालं असतं तरी लाजायचं काही नाही, औषध मिळतं. आता तुम्ही प्रमिलाला एवढंच सांगा की ते सात जण माझे योगवर्गातले जोडीदार आहेत. पत्त्यांचं चुकूनही काढू नका. चार दिवस घर खायला उठतंय. तिच्याशिवाय मला करमत नाही, हे चाळीस वर्षांत तिला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो.

तुमचा,
अमृत

ता. क. : नियमित पार्टनर म्हणून तुमची चिठ्ठी सोबत जोडली आहे. मुदत पंधरा दिवस. वहिनींच्या हाती लागू देऊ नका.

ता. क. २ : चिठ्ठी पाकिटात घालताना उलटी झाली. बुधवारी मंडळींना सावध करायला गेलो होतो, तिथे मेंढीकोटचा डाव झाला आणि कोट मांडायला कागद नव्हता. मागे माझ्याच अक्षरात 'कोट : आम्ही ३, ते १' आहे. त्याखाली प्रमिलाच्या अक्षरात दोनच शब्द आहेत : 'आखाजीची शपथ'. म्हणजे पुढची बाजू तिने वाचली आणि तिला माझा काडीचाही संशय आला नाही. गेली ती मागची बाजू वाचून. तेव्हा नाना, वरचं सगळं रद्द समजा. तिला सांगा, अमृतला खरोखरच तो आजार झालाय. आजारी माणसाला टाकून ती साक्रीला राहायची नाही.