टाच आणि खोकला

३ फेब्रुवारी

पत्र आलं. माझी पुन्हा तपासणी! दोन वर्षांपूर्वी ज्यांनी मला आमच्या गटात बसवलं, त्यांनाच आता शंका आलीय की मी त्या गटात बसतो का. सेरेब्रल पाल्सीवाल्या धावपटूंचे गट असतात – अंग किती आखडतं त्यावर ठरतात. माझी उजवी बाजू जन्मापासून आखडलेली. मेंदूने धाडलेलं पार्सल उजव्या पायाला उशिरा पोचतं, आणि पोचतं तेव्हा फुटलेलं असतं. पण ते जरा कमी फुटलंय असं तपासणाऱ्यांना वाटलं, तर मी वरच्या गटात.

आमच्या गटात पंधराशे मीटरला मी पहिला. वरच्या गटात याच वेळेला सातवा. म्हणजे पदक गेलं.

मास्तर म्हणाले, "जसा आहेस तसा जा. नाटक केलंस तर कायमचा घरी बसशील." मास्तर माझे प्रशिक्षक. आधी शाळेत भूगोल शिकवायचे. गळ्यात स्टॉपवॉच घालूनच लग्नाला जातात.

५ फेब्रुवारी

पार्सल ऑफिसात माझ्या खिडकीवर आज एकाने खोकं आणलं. माझा वाकडा हात बघितला आणि "राहू द्या, राहू द्या" करत स्वतःच काट्यावर चढवलं. स्वतःच उतरवलं. मग मागच्या बाईंचंही चढवलं. सकाळी मी बारा किलोमीटर पळून आलोय हे त्यांना सांगितलं नाही. एवढ्या प्रेमाने करतायत तर कशाला मोडता घाला?

८ फेब्रुवारी

"जसा आहेस तसा." बरं. पण कसा आहे मी?

कोणी बघत असलं की मी आपोआप सरळ होतो. ही आईची करणी. मी चार वर्षांचा असताना ती चारचौघांत म्हणायची, "टाच टेक." पोरं हसायची, मी भोकाड पसरायचो. तेव्हापासून तिने बोलणं सोडलं आणि खोकायला लागली. एकदा खोकली – टाच टेक. दोनदा – कोपर खाली. शाळेच्या बक्षीस समारंभात मी स्टेजवर चढलो तर ती इतकी खोकली की शेजारच्यांनी तिला दवाखान्याचा पत्ता दिला. आता कोणीही खोकलं तरी माझी टाच टेकते. दवाखान्यात नंबर लावून बसलो की माझी कवायतच होते.

९ फेब्रुवारी

दूध आणायला गेलो तेव्हा ताईने गॅलरीतून गुपचूप व्हिडिओ काढला. बघितला. हात छातीशी, जणू न दिसणारी छत्री धरलीय. चवडा फरफटतोय. विचारलं, "हा कोण?"

ताई म्हणाली, "तू. आम्ही रोज बघतो."

वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. मग भूक लागली.

१४ फेब्रुवारी

घरात तालीम. ताई बाबांचा चष्मा लावून तपासनीस झाली. बाबा म्हणे निकाल तेच देणार, चष्म्याशिवाय. आई स्वयंपाकघराच्या दारात. हीच बाई वीस वर्षं रोज सकाळी माझी पोटरी ताणायची, मी ओरडायचो, ती पाढे म्हणून घ्यायची. त्यामुळे माझी टाच आणि सतराचा पाढा एकदमच सुधारले. आज तीच म्हणते, "टाच टेकू नकोस." आणि लगेच, "मला नाही बघवत हे!" आत गेली.

तिसऱ्या फेरीला मी डाव्या पायाने लंगडलो. ताई हसून हसून खाली बसली.

१५ फेब्रुवारी

मास्तरांना तालमीचं कळलं. "आपण जसे आहोत त्याची तालीम कसली करता, गाढवांनो?" तालीम बंद.

२० फेब्रुवारी

मैदानावर बोलणी खाल्ली. मास्तर म्हणाले, "शेवटच्या फेरीत तीनदा मागे वळून बघितलंस. मागे कोणी नाहीये, मग बघतोस कोणाला?"

म्हटलं, "कोणी नाही, तेच बघतो. बरं वाटतं."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. आई पायरीवर पाण्याची बाटली घेऊन बसली होती. तिला हसू येईल वाटलं होतं. नाही आलं.

१ मार्च

तपासणीच्या खोलीत सोबत एका माणसाला बसता येतं. मास्तर यायचे होते. आई म्हणाली, "मी जाणार. जन्म मी दिलाय." मास्तर स्टॉपवॉचशी चाळा करत बसले.

मला आठवला तो खोकला! तिला समोर बसवून नीट सांगितलं – एकदा जरी खोकलीस तरी माझं पदक गेलं. तिने मान डोलावली. तरी खबरदारी म्हणून खोकल्याच्या गोळ्यांची दहाची पट्टी आणून तिच्या पर्समध्ये टाकली. म्हटलं, एक तोंडात ठेव आणि गप्प बस.

"मला काय कळत नाही का?" म्हणाली.

१० मार्च

झाली तपासणी. वाट लागली.

आत तिघं होते. त्यातल्या मोठ्या बाईंचे हात बर्फासारखे. टेबलावर झोपवून पाय वाकवला, ताणला, मोजला. मग बाकीच्या दोघांकडे बघून म्हणाल्या, "अगदी काठावर आहे. चालताना बघू, त्यावर ठरवू."

चाललो. मनात फक्त दूध आणायचं ठेवलं. आणि जमलं की! हात छातीशी आला, चवडा घासायला लागला. जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात कोपऱ्यातून – खोकला.

टाच टेकली. मी काही केलं नाही, तीच टेकली. मग दोन खोकले. कोपर खाली. बाईंनी कागदावरून मान वर केली. दुसऱ्याने आईला पाणी आणून दिलं. ती प्यायली, थँक्यू म्हणाली आणि परत खोकली. मी त्या खोलीत बँकेच्या दारावरच्या पहारेकऱ्यासारखा चालत होतो.

बाहेर आल्यावर आई डोळे पुसत म्हणाली, "घसा खवखवला रे." मी रिक्षात पुढे बसलो.

११ मार्च

वरचा गट.

१२ मार्च

आईशी बोलत नाहीये. ती वाढते, मी जेवतो. आज न बोलता दुसऱ्यांदा भात मागायची पंचाईत झाली. ताट सरकवलं. तिने वाढला.

१५ मार्च

मास्तर म्हणाले, "रडून झालं असेल तर चारशेच्या आठ फेऱ्या." सांगितलं त्यांना, भीती वाटते. शेवटचा आलो तर? पार्सल ऑफिसात पेढे वाटायचं आधीच बोलून बसलोय.

म्हणाले, "मग नऊ फेऱ्या."

२८ मार्च

शर्यत झाली.

आठ जण. ढांग्या बंदूक उडताच पुढे गेला – तो वरच्या गटाचा राजा, त्याचं एक पाऊल म्हणजे माझी दीड. तीन फेऱ्या मी सातवा. शेवटच्या फेरीत पोटरी दगड झाली, चवडा घासायला लागला. दोनदा अडखळलो. वाटलं, आता तोंडावर आपटणार. दोनशे मीटर उरले होते. गॅलरीत ही गर्दी, भोंगा, शिट्ट्या, मास्तरांचं ओरडणं. आणि त्या सगळ्यातून – एक खोकला.

टाच टेकली. मग पुढची. मग पुढची. एकाला गाठलं. आणखी एकाला. रेषेवर तिसऱ्याला!

चौथा. पदक नाही. पण चार मिनिटं तेहतीस! आयुष्यात कधी चार एकोणचाळीसच्या खाली आलो नव्हतो. मास्तर अनोळखी माणसांना थांबवून थांबवून स्टॉपवॉच दाखवत होते. मी गवतावर ओकत होतो. आई पाठ चोळत होती, तेव्हा अठरा दिवसांनी पहिला शब्द बोललो. "पाणी."

मागे एकदाही बघितलं नाही. सवडच नव्हती.

३० मार्च

घराच्या किल्लीसाठी आईच्या पर्समध्ये हात घातला. गोळ्यांची पट्टी हाताला लागली. दहाच्या दहा जागेवर.

ती गादीवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. पट्टी समोर धरली. "मुद्दाम खोकलीस?"

तिने टॉवेलची घडी पुरी केली. "त्या गटात तू मागे बघत पळायचास," म्हणाली. "मला नाही आवडायचं ते."

इतका राग आला की पट्टी मुठीत चुरगळली. तसाच तिच्यासमोर उभा होतो. तर तिने माझ्या पायांकडे बघितलं आणि खोकली.

टेकली टाच.