सुमनचं लाटणं

पार्सिपनी. सप्टेंबर, सोमवार.

वाळवंटातला कलामेळा संपवून मीराने आज फोन केला. "बाबा, काल देऊळ जाळलं. आईचं लाटणंही गेलं. इतकं हलकं वाटलं! तुम्हाला?" मी म्हटलं, "हो गं पोरी." खोटं बोललो.

काही मित्रांनी समुद्रकाठी लाकडाचा पुतळा जाळला, तिथून हा मेळा सुरू झाला म्हणे, पुढे तो वाळवंटात गेला. तिथे विकायचं काही नाही, नुसतं द्यायचं, आणि जाताना मागे कणभर कचरा ठेवायचा नाही. गेलेल्या माणसाची वस्तू लाकडी देवळात ठेवतात आणि शेवटी देऊळच पेटवतात. मीराने आईची एखादी जुनी साडी मागितली होती. मीच दीडशहाणा! द्यायचं तर हात आखडू नये, म्हणून लाटणं दिलं. कशाला दिलं?

संध्याकाळी कणीक मळली, स्टीलच्या पेल्याने लाटली. पोळी फाटली. दुकानात दुसरं लाटणं मिळेल. पण सुमनच्या तळव्यांनी झिजलेलं कुठून आणू?

मीराला सांगावं का? नको. लेक रडून मोकळी झाली आहे, तिच्या डोक्यावर माझं ओझं कशाला? रविवारी जेवायला येते म्हणाली. भातच लावीन.