मुक्या सिनेमातला मामा

चि. महिपतीस बारामतीहून आक्काचा आशीर्वाद.

हितं समदी बरी हायती. आईचं गुडघं कसं हाय? गाय व्याली का?

जत्रेच्या तंबूत जुना मुका सिनेमा बघितला. बोहल्यावर नवरीच्या मागं उभ्या मामाला डुलकी लागती, अन् नवरी पळून आपल्या आवडत्या माणसाकडं जाती. समदा तंबू हसून लोळला. तुझं दाजी तर डोळं पुसत हुतं. माझी शेवंता तेवढी हसली न्हाय.

माझ्या लग्नात आपला मामा जागा हुता. हळद उतरली, तरी दंडावरचं त्याच्या बोटांचं वळ उतरलं न्हाईत.

शेवंताचं लगीन ह्यांनी परस्पर ठरवलंय. पोरगी जेवत न्हाय. हे म्हणत्यात, लाजती.

तिच्या मागं मामा म्हणून तूच उभा राहशील. तुला डुलकी लागली, तर मी रागावणार न्हाय.

तुझी आक्का